सॅम्पलचं दूध

आमच्या गावात एकच क्रांती झाली आणि ती दुधावरून झाली. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या वाटेवरचं हे गाव. घरटी एक-दोन म्हशी आणि सगळ्या गावाचं दूध उचलणारे तीन-चार व्यापारी. म्हैस घ्यायला तेच उचल द्यायचे, आणि उचल फिटेपर्यंत मापही त्यांचं, भावही त्यांचा. भाव त्यांचा असल्यामुळे उचल काही फिटत नसे. सायकलच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवून ते दूध बेळगावात जायचं, हॉटेलांत आणि खव्याच्या भट्ट्यांवर. एका वर्षी पावसाळा सरता सरता, म्हशी नुकत्या व्यालेल्या आणि घराघरांत दूध मावेनासं झालेलं असताना, व्यापाऱ्यांनी भाव पाडला. गावानं दूध घालणं बंद केलं. मडकी दह्यानं भरली, पोरं ताकाला विटली. पाचव्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि सोसायटी काढायचं ठरलं. आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्या बैठकीत होते. शेडचे दगड गावच्याच गाड्यांतून, श्रमदानानं आले.

आता सॅम्पलचं सांगतो. दुधाचं फॅट काढायला प्रत्येकाच्या दुधातलं थोडं बाजूला घ्यावं लागतं. तेव्हा गर्बरची पद्धत होती. काचेच्या नळीत आधी गंधकाचं ॲसिड, त्यावर पावणेअकरा मिली दूध, वर थोडं अमाइल अल्कोहोल, आणि मग नळ्या यंत्रात घालून गरागरा फिरवायच्या. लागायचं पावणेअकरा मिली, पण बुडवलेलं मापटं वर यायचं ते पन्नासेक मिलीचं. दीडशे सभासद धरले तर सकाळचं साडेसात लिटर, संध्याकाळचं तेवढंच. ॲसिडात गेलेलं वजा करूनही टेबलाखालच्या कॅनमध्ये रोज दहा-बारा लिटर चांगलं दूध जमायचं. हे सॅम्पलचं दूध. सोसायटीच्या रजिस्टरात सभासदाचं नाव, लिटर, फॅट, दर, रक्कम असे रकाने आखलेले होते. या दुधाला रकाना नव्हता.

पहिले काही महिने ते मोठ्या कॅनमध्ये परत ओतलं जाई. फॅट काढणाऱ्या पोराला पगार नव्हता. एका पहाटे आबाच म्हणाले, "असूदे की, चहाला घेऊदे पोरगं. चारला उठतंय बिचारं." सगळे हसले, सगळ्यांना पटलं. पुढं रात्री हिशेब लिहित बसणाऱ्या सेक्रेटरीला तांब्याभर जायला लागलं. मग चेअरमनकडे पाहुणे फार येतात म्हणून त्यांच्याकडे. दुसऱ्या वर्षी आबा पंच झाले, आणि सांजचा एक तांब्या आमच्याही उंबऱ्यात आला. ते दूध मी प्यालोय. साय चांगली यायची.

कॉलेजात जॉर्ज ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म', म्हणजे रशियन क्रांतीवर बेतलेली जनावरांच्या बंडाची गोष्ट, हातात पडलं तेव्हा बाकी मुलं जिथं थबकली तिथं मी थबकलो नाही. त्यांना कुत्री आठवायची, कत्तली आठवायच्या, बॉक्सर घोड्याला नेणारी ती गाडी आठवायची. मी अडखळलो तो दुसऱ्याच प्रकरणात. जनावरांनी मालकाला हाकलून दिलंय, गाईंच्या कासा तटतटल्यात, डुकरांनी कशाबशा धारा काढल्यात आणि फेसाळत्या दुधाच्या पाच बादल्या भरून उभ्या आहेत. याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारतं. कोंबड्या म्हणतात, मालक यातलं थोडं आमच्या कोंड्यात कालवायचा. नेपोलियन नावाचा डुक्कर बादल्यांच्या पुढ्यात उभा राहतो आणि म्हणतो, दुधाचं बघू नंतर, आधी सुगी. सगळे कापणीला जातात. संध्याकाळी येऊन बघतात तर दूध नाही.

बस, एवढंच. ना भांडण, ना मारामारी. पुढं सफरचंदंही डुकरांनाच ठेवायची असं ठरतं तेव्हा थोडी कुरकुर होते, आणि डुकरांच्या वतीनं बोलणारा स्क्वीलर येऊन समजावतो की आम्हाला खरं तर दूध-सफरचंद आवडतच नाही, पण बुद्धीचं काम करणाऱ्याला ते लागतं, विज्ञानानं सिद्ध झालंय, आणि आम्ही थकलो तर जुना मालक परत येईल. तो परत यायला कुणालाच नको असतो. विषय मिटतो.

ऑर्वेलनं नंतर अमेरिकन लेखक ड्वाइट मॅकडोनाल्डला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ सांगितलं की गोष्टीचं वळण त्यानं इथंच ठेवलं होतं. दूध-सफरचंदाच्या वेळी बाकीच्या जनावरांनी पाय रोवला असता तर पुढचं टळलं असतं, असं त्याचं म्हणणं. शेजारी कंसात त्यानं एकच शब्द टाकला होता, क्रोनस्टाट. पेट्रोग्राडजवळचा हा नाविक तळ. १९१७ च्या क्रांतीत आघाडीवर असलेल्या या तळावरचे खलाशी मार्च १९२१ मध्ये बोल्शेविक सरकारविरुद्ध उठले. त्यांच्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत. सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-शेतकऱ्यांच्या परिषदांच्या, निवडणुका गुप्त मतदानानं नव्यानं घ्या ही एक, आणि धोक्याची कामं करणारे सोडून सगळ्या कष्टकऱ्यांना रेशन सारखं द्या ही आणखी एक. म्हणजे त्यांचाही प्रश्न शेवटी बादलीचाच. लाल सैन्य गोठलेल्या समुद्रावरून चालून गेलं आणि तळ मोडून काढला.

एवढं सगळं असूनही या पुस्तकाचं सार विचारलं तर आपल्याकडे एकच उत्तर मिळतं: सत्ता माणसाला भ्रष्ट करते. हे उत्तर खोटं नाही, पण आळशी आहे. त्यात नेपोलियनला आधी सत्ता मिळाली आणि मग तो बिघडला असं गृहीत धरलंय. गोष्टीत क्रम उलटा आहे. दूध गेलं त्या दिवशी त्याच्याकडे कुत्री नव्हती. ज्या कुत्र्यांच्या जोरावर त्यानं पुढं धाक बसवला, ती तेव्हा जन्मलीही नव्हती. जबरदस्ती करण्याची ताकदच नव्हती त्याच्याकडे. सत्ता त्याला मिळाली ती दूध गेल्याचं कुणी विचारलं नाही म्हणून. हाव आधी, तिला मिळालेली मूक परवानगी मग, आणि सत्ता तिसरी. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पुस्तकातला बरा डुक्कर म्हणून ज्याची आठवण काढतात तो स्नोबॉलसुद्धा दूध-सफरचंदाच्या ठरावाला राजी होता. डुकरांत त्या एका मुद्द्यावर पूर्ण एकमत होतं, असं लेखकानं मुद्दाम नोंदवलंय.

या पुस्तकाला प्रकाशक मिळेना ही कथाही मजेची आहे. रशिया तेव्हा महायुद्धातला मित्र, त्याला कोण दुखावणार. एका प्रकाशकाला राज्यकर्ते म्हणून डुकरंच का घेतली याचा त्रास झाला, दुसरं एखादं जनावर घेतलं असतं तर बरं, असं त्याचं मत. पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती फेबर अँड फेबरची नकारघंटा. १९४४ मध्ये ते पत्र लिहिलं होतं कवी टी. एस. एलियट यांनी. त्यातला मुद्दा असा की तुमची डुकरं तर सगळ्यांत हुशार, फार्म चालवायला तीच लायक. मग कुणी म्हणेल की कमी पडलंय ते एवढंच, लोकहित पाहणारी डुकरं जरा जास्त हवी होती.

वाचून मी मोठ्यानं हसलो होतो, कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. सोसायटीची निवडणूक लागली की ऐकतो, साखर कारखान्याची लागली की ऐकतो. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर बसा. "माणूस चांगला पायजे बघा. माणूस चांगला असला की सगळं नीट हुतंय." आणि माणूस खरंच चांगला निघतो, पहिली दोन वर्षं. आमचे पहिले चेअरमन वाईट नव्हते. स्वतःची सायकल झिजवून त्यांनी सोसायटी उभी केली. टेबलाखालच्या कॅनचा रकाना मात्र त्यांनीही आखला नाही, कारण त्यांना कुणी आखायला सांगितला नाही. चांगल्या माणसाला सांगायचं तरी कसं? त्याच्या चांगुलपणावर शंका घेतल्यासारखं होतं. चांगला माणूस शोधत बसण्यात आपली एक सोय आहे: तो सापडला की आपण घरी जायला मोकळे.

आता भिंतीकडे येऊ. फार्मवर गोठ्याच्या डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या रंगात जनावरांसाठी सात आज्ञा लिहिल्यात आणि त्या रातोरात बदलत जातात. बॉक्सरला डी च्या पुढचं अक्षर येत नाही. क्लोव्हर घोडीला वाचता येत नाही, ती म्युरिअल शेळीकडून वाचून घेते. पलंगावर झोपू नये, असं होतं ना? होय, पण पुढं 'चादरी घालून' असंही आहे. क्लोव्हरला वाटतं आपणच विसरलो.

आमच्या भागात हा प्रसंग रूपक म्हणून वाचणं जरा अवघड जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमची कागदपत्रं हळूहळू अशा लिपीत गेली जी आमच्या म्हाताऱ्यांना येत नव्हती. जमिनीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. मराठीतून कागद मिळावेत ही मागणी कित्येक दशकं चालू आहे आणि ती रास्तच आहे. माझी आत्या अजून कुठलाही सरकारी कागद आला की पदराखाली धरून एका ठरावीक माणसाकडे जाते. तो वाचतो, मान हलवतो आणि सांगतो, "काय न्हाई, असंच हाय." ती परत येते. 'असंच हाय' म्हणजे काय लिहिलं होतं, हे तिला आजवर कळलेलं नाही. प्रत्येक गावात असा एक वाचून दाखवणारा असतो. चहा त्याला फुकट मिळतो. तो लबाड असेलच असं नाही, पण भिंत त्याच्या ताब्यात असते.

इथवर आलं की आमचा माणूस खुश होतो. बघा, लिपी हिरावली म्हणून हे सगळं झालं! मीही बरीच वर्षं असंच मानायचो. मग एकदा सोसायटीच्या जुन्या दप्तरातलं इतिवृत्ताचं पुस्तक हाती लागलं. सुरुवातीच्या काळातलं, अख्खं मराठीत, वळणदार अक्षरात. दुसऱ्या वर्षीच्या सभेत एक ओळ होती: सॅम्पल दुधाबाबत कमिटीने योग्य तो निर्णय घ्यावा असे सर्वानुमते ठरले. खाली सह्या आणि अंगठे. आबांची सही ओळखीची होती, 'पाटील'मधला 'ल' ते शेपटीसारखा ओढायचे. ही ओळ आमच्या मायबोलीत होती, भिंतीवर नव्हे तर हातात येईल अशा पुस्तकात होती, आणि ती कुणी रात्री शिडी लावून खोडलेली नव्हती. दिवसाढवळ्या, आमच्यासमोर, आमच्या सहीनं लिहिली गेली होती. 'सर्वानुमते' या शब्दाइतका सोयीचा शब्द मराठीत दुसरा नसेल. सगळ्यांचं मत म्हणजे कुणा एकाचं नाही, म्हणून विचारायचं कुणाला हाही प्रश्न मिटतो.

तेव्हा वाचता येणं पुरत नाही. फार्मवर बेंजामिन गाढव कुठल्याही डुकराइतकं छान वाचतं. पण वाचण्याजोगं काही नसतं असं म्हणून ते वाचायचंच टाळतं. स्क्वीलर रात्री शिडीवरून पडतो, शेजारी रंगाचा डबा सांडलेला. सगळे बुचकळ्यात, एकट्या बेंजामिनला काय चाललंय ते कळतं आणि ते मान हलवून गप्प बसतं. आयुष्यात एकदाच ते धावत येऊन मोठ्यानं वाचतं, बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवर खाटकाचं नाव आहे हे. ते वाचून होतं न होतं तोच चाकं फिरतात. नेपोलियनवर चिडणं सोपं असतं, मला या गाढवाची लाज वाटते. हे पुस्तक वाचणारा प्रत्येक जण व्याख्येनंच बेंजामिन असतो. वाचता येतं म्हणून तर वाचतोय.

भिंतीवरून आठवलं. १९५४ मध्ये या पुस्तकाचा कार्टून सिनेमा निघाला, आणि त्यामागचा पैसा अमेरिकेच्या सीआयएचा होता हे पुढं उघड झालं. पुस्तक संपतं तिथं खिडकीतून आत बघणाऱ्या जनावरांना डुक्कर कुठला आणि माणूस कुठला हे ओळखू येईनासं होतं. सिनेमात त्या शेवटच्या बैठकीतली माणसंच गाळली, फक्त डुकरं ठेवली, आणि जनावरं पुन्हा बंड करतात असा शेवट चिकटवला. मजकूर बदलणाऱ्यांवर लिहिलेल्या गोष्टीचाच मजकूर बदलला. रंगाचा डबा फक्त मॉस्कोतच मिळत होता असं नाही.

इतकं कौतुक केल्यावर एक तक्रारही नोंदवतो. जनावरांच्या रूपकात मुळातच एक खोट आहे. डुक्कर जन्मानंच डुक्कर असतं, घोडा जन्मानं घोडा. बॉक्सर कधी नेपोलियन होऊ शकत नाही. त्यामुळे वाचणारा निर्धास्त राहतो, आपण काही त्या जातीतले नाही म्हणून. आणि आपल्या देशात 'जन्मानंच तसे' हे वाक्य कुठं जाऊन पोचतं ते सांगायला नको. आमच्या सोसायटीत कुणी जन्मानं डुक्कर नव्हतं. आबांनी दगड वाहिले होते, बॉक्सरसारखे, आणि पहिला तांब्या त्यांच्याच शब्दानं गेला.

या बाबतीत पंचतंत्र ऑर्वेलच्या पुढं आहे, असं माझं मत. चौथ्या तंत्रात गंगदत्त नावाच्या बेडकाची गोष्ट आहे. भाऊबंदांनी छळलं म्हणून हा विहिरीतला राजा रहाटाच्या माळेवरून वर येतो आणि प्रियदर्शन नावाच्या म्हाताऱ्या सापाला आमंत्रण देऊन आत घेऊन जातो. करार असा की मी दाखवीन त्यांनाच खायचं. साप कराराप्रमाणे वागतो. शत्रू संपतात. गंगदत्त म्हणतो, काम झालं, आता निघा. साप म्हणतो, निघू कुठं? माझं बीळ एव्हाना दुसऱ्यानं बळकावलं असेल. तू मला इथं आणलंस, आता खायला तूच दे. मग रोज एक बेडूक, आपल्याच गोतातला. शेवटी गंगदत्ताचा मुलगाही जातो. सापाच्या त्या उत्तरात जे आहे ते कुठल्याही राजकीय ग्रंथात मी इतक्या थोडक्यात वाचलेलं नाही. सत्तेवर बसलेल्याला मागं फिरायला बीळच उरलेलं नसतं. पायउतार झालेला चेअरमन सोसायटीच्या बाकावर बसलेला कुणी पाहिलाय? मी नाही पाहिला.

दुसरा तो निळीच्या पिंपात पडलेला चंडरव कोल्हा. देवानं पाठवलेला राजा म्हणवून घेतो, सिंहाला मंत्री करतो, वाघाला शेजघर देतो. आणि कोल्ह्यांना? त्यांना अर्धचंद्र देऊन हाकलतो. हा शब्दप्रयोग त्याच गोष्टीत आहे, मानगूट धरून बाहेर काढण्याचा. शत्रूला पद आणि आपल्या माणसाला अर्धचंद्र, हे विचित्र वाटतं खरं, पण सिंह-वाघांना त्याचा मूळ आवाज माहीत नसतो. कोल्ह्यांना असतो. चळवळीतून वर गेलेला माणूस आधी जुन्या साथीदारांना का तोडतो, याचं कोडं पडलेल्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

(आमच्या जिल्ह्यानं मराठीला रूपककथेचा सगळ्यात मोठा लेखक दिला, एकसंब्याचे जी. ए. कुलकर्णी. त्यांचं नाव इथं यायला हवं असं कुणालाही वाटेल. पण जी. एं.च्या वाटा जातात नियतीकडे. आणि नियतीला आपण पंचायतीत बोलावून हिशेब मागू शकत नाही. मात्र 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी तो पुरस्कार परत करून टाकला. हे मी दुधाच्या संदर्भात नेहमी आठवतो.)

सीमाभागात क्रांतीवर लिहायचं आणि सीमालढ्याचं नाव काढायचं नाही, हे वाचकाला रुचणार नाही. काढतो. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या रांगेत मी उभा राहतो, उद्याही राहीन. त्या रांगेत असे म्हातारे आहेत ज्यांनी प्रत्येक मोर्चा केला, लाठ्या खाल्ल्या, आणि कधी काही मागितलं नाही. 'मी आणखी कष्ट करीन' म्हणणारा घोडा मला त्यांच्यात दिसतो. त्याच लढ्याच्या नावानं एकाच मतदारसंघात दोन-दोन उमेदवार उभे राहिलेलेही आम्ही २०१८ ला पाहिले. २०१३ ला विधानसभेत लढ्याच्या दोन जागा होत्या, २०१८ ला एकही आली नाही. आपल्यातल्या गटबाजीवर बोललं की लगेच ऐकू येतं, "आत्ता हे काढू नका, समोरचे टपलेत." समोरचे टपलेले असतात हे खरंच. जुना मालकही खरोखरच परत येणार होता, आलाही होता एकदा बंदूक घेऊन. धोका खरा असतो म्हणून तर स्क्वीलरचं वाक्य चालतं. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की जे प्रश्न 'आत्ता नको' म्हणून ठेवले, ते पुढं कुठल्याच सभेच्या विषयपत्रिकेवर आले नाहीत.

मग क्रांती करूच नये का? हा निष्कर्ष व्यापाऱ्यांना आवडेल. आमच्या गावात आजही एखादा त्यांचा माणूस म्हणतो, "बघा, सोसायटी काढून काय मिळालं? आम्हीच बरे होतो." नव्हते बरे. सोसायटी आली म्हणून आमच्या घरची उचल फिटली, आत्याचं लग्न कर्जाशिवाय झालं. ऑर्वेलनंही त्याच पत्रात म्हटलं होतं की क्रांतीनं खरा बदल होतो, पण लोक जागे असतील आणि काम झाल्याबरोबर पुढाऱ्यांना बाजूला कसं करायचं हे त्यांना ठाऊक असेल तरच. त्याला क्रांती नकोशी नव्हती. ती दुधापाशी सोडून दिलेली नको होती.

दुधापाशी थांबवणारं कुणी असतं का? गोष्टींत मला सापडत नव्हतं. सापडलं ते कन्नडमध्ये, बैलहोंगलच्या एका मित्रामुळे. बाराव्या शतकातलं कल्याण, बसवण्णांचा, म्हणजे महात्मा बसवेश्वरांचा काळ. मारय्या नावाचा एक शरण, म्हणजे बसवण्णांच्या पंथातला शिवभक्त, अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचा, तोच त्याचा कायक, पोटापाण्याचं काम. त्यावरून नवरा-बायकोला नावच पडलं, आयदक्की मारय्या आणि आयदक्की लक्कम्मा, तांदूळ वेचणारे. एक दिवस तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मा ओट्यापाशी उभी. तिनं तो जास्तीचा वाटा परत टाकून यायला लावला. तिच्या वचनाचा भाव असा की हाव असायची ती राजाला, शिवभक्ताला कशाला? एवढ्या तांदळाची आस तुम्हाला का?

बसवण्णांचं कल्याण पुढं रक्तात बुडालं. ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न चांभाराच्या मुलाशी लावलं म्हणून राजसत्ता उलटली आणि शरण पांगले. काही आमच्याच मुलखातून उळवीकडे गेले. खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला डोहर कक्कय्यांची समाधी मानतात. मी लहानपणी त्या रस्त्यानं कित्येकदा गेलो, पण ते कोण हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण ते 'त्यांचं' होतं. लक्कम्माकडे पद नव्हतं, कुत्री नव्हती, ठराव नव्हता. तांदूळ घरात यायच्या आधी तिनं ते बघितले, मोजले आणि तिला ते जास्त वाटले. आमच्या उंबऱ्यात तांब्या आला तेव्हा आजीनं तो आत घेतला आणि चुलीवर ठेवला. दोष मी तिला देत नाही. घरात चार पोरं होती, त्यातला एक मी.

आता सोसायटीत यंत्र आलंय. दूध ओतलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आणि दर छापलेली चिठ्ठी बाहेर येते, कन्नडमध्ये. ॲसिडच्या नळ्या गेल्या. सॅम्पल अजून घ्यावंच लागतं, आणि टेबलाखाली कॅन अजून आहे, फक्त ॲल्युमिनियमचा जाऊन स्टीलचा आलाय.

गेल्या वार्षिक सभेला मी गेलो होतो. अहवाल वाचून झाला, नफा-तोटा वाचून झाला, दिवाळीच्या फरकाचा आकडा सांगितल्यावर टाळ्या पडल्या. मंजूर, मंजूर म्हणत विषय पुढं सरकत होते. मागच्या रांगेतून साठीच्या पुढची एक बाई उठली. तिला दोन्हीपैकी एकही लिपी येत नाही. ती म्हणाली, "त्ये सॅम्पलचं दूध दिसाला किती जमतंय, आन् त्येचं पैसं कुठं लिवत्यासा?"

हॉल क्षणभर गप्प झाला. व्यासपीठावरून चेअरमन हसून म्हणाले, "चांगला प्रश्न हाय मावशी. लेखी द्या, पुढच्या मीटिंगला घेऊया."

ती उभीच राहिली. तिनं डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, कुणी लिहून देतंय का ते. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. माझ्या खिशाला पेन होतं. तेवढ्यात चहा फिरायला लागला, आणि मी कप घेतला.